दाराची कडी

"संडास? अगं, स्वप्नातलं शहर काढायला सांगितलं आणि तू संडास काढलास?"

कार्यक्रम घेणाऱ्या मॅडमनी माझा कागद सगळ्यांना दिसेल असा वर धरला. हॉलभर हशा पिकला. फोटो काढणारा हसला, चहा वाटणारा हसला. आमच्या डोकमर्डीच्या चाळीतल्या बायाही हसल्या. त्यांचा राग मला मॅडमपेक्षा जास्त आला. रोज सकाळी त्याच संडासासमोर त्या माझ्या मागं रांगेत उभ्या असतात.

त्या दिवशी मी खाडा करून गेले होते. सायली गावातल्या धाग्याच्या कारखान्यात मी मशीनवर बॉबिन लावते. खाडा केला की सुपरवायझरची बोलणी ठरलेली. तरी गेले, कारण आदल्या दिवशी गल्लीत नगरपालिकेची भोंगा लावलेली रिक्षा फिरली होती. शहर तुमचं आहे, या, चित्र काढा, भिंत रंगवा, तुमचं ऐकलं जाईल. 'ऐकलं जाईल' एवढंच मी धरून बसले. खुळी मी.

मला ऐकवायचं होतं ते फार मोठं नव्हतं. आमच्या चाळीला एक सार्वजनिक संडास आहे. बायकांच्या बाजूचं दार खालून कुजलंय. कडी केव्हाच गळून पडली. नवऱ्यानं नवी आणून ठोकली, पण कुजक्या फळीत स्क्रू धरत नाही. म्हणून एकीनं आत जायचं आणि दुसरीनं बाहेरून दार धरायचं. आमच्या चाळीत बाई बाईला जेवलीस का विचारत नाही, "दार धरायला येतीस का?" असं विचारते.

माझी पोर आठवीत आहे. एकदा मी ड्यूटीवर होते, शेजारची रंजना बाजारात गेली होती, दार धरायला कोणी नव्हतं. पोर एकटीच गेली. बाहेरून एका माणसानं दार ओढलं. चुकून ओढलं की मुद्दाम, त्यालाच ठाऊक. तेव्हापासून पोर शाळेतून आली की पाण्याला तोंड लावत नाही. भर उन्हाळ्यातसुद्धा नाही. ओठ फुटलेले असतात आणि म्हणते, "तहान नही लागनी, माय." आई आहे मी. मला कळतं तिला काय लागलंय ते.

म्हणून मी कागदावर दार काढलं. नवं, सरळ, जमिनीपर्यंत टेकलेलं. त्याला पिवळी कडी काढली, हातभर मोठी. बाहेर दार धरायला कोणीच काढलं नाही. माझ्या स्वप्नातलं शहर तेच होतं.

मॅडम मूळच्या मुंबईच्या. आल्या आल्या मला म्हणाल्या होत्या, "अय्या, तुम्ही मराठी? छान!" इथं परमुलखात कारखान्यात हिंदी, दुकानात गुजराती. त्यात कोणी मराठी बोललं की जीव सुखावतो. आपलं माणूस भेटलं असं वाटलं मला. त्याच भरवशावर, हसणं थांबल्यावर मी उभी राहिले आणि तोंडात आलं तसं बोलले.

"म्याडम, आमना संडासना दारले कडी नही शे. एक जणीले बाहेर उभं ऱ्हाईसन दार धरनं पडस."

"हे कुठलं मराठी?" मॅडम म्हणाल्या. "नीट मराठीत बोल ना."

पुन्हा हशा. माझे कान तापले. मी खाली बसले. धुळ्याकडची आहे मी, माझी आई याच बोलीत भांडली आणि याच बोलीत रडली. पण हे उत्तर मला घरी गेल्यावर सुचलं. तिथं सुचली ती नुसती शरम.

मग नगरपालिकेचे मोठे साहेब आले. त्यांना मराठी येत नव्हतं. मॅडम एकेक चित्र त्यांना हिंदीत समजावू लागल्या. माझ्यापाशी आल्या.

"सर, इनको गार्डन में सुंदर गेट चाहिए."

"गेट! बहुत बढ़िया," साहेब म्हणाले आणि पुढं सरकले.

क्षणभर मला वाटलं, मॅडमना माझी बोली खरंच कळली नसेल. पण संडास म्हणून हसायला सुरुवात कोणी केली होती? कळलं होतं त्यांना. सगळं कळलं होतं. साहेबांच्या कानावर तो शब्द जायला नको होता, एवढंच. माझ्या पोरीची तहान त्यांनी एका वाक्यात बगीच्यात नेऊन टाकली.

शरम तिथंच मेली. नुसता संताप उरला.

नंतर सगळ्यांना भिंत रंगवायला बाहेर नेलं. भिंत कुठली, तर त्याच संडासाची, रस्त्याकडची. तिच्यावर आधीच मोर आणि झाडं काढून ठेवलेली. वरून कीर्तन आतून तमाशा. पराती भरून रंग ठेवले होते. प्रत्येक बाईनं हात बुडवून भिंतीवर पंजा उमटवायचा, म्हणजे लोकांचा सहभाग झाला.

आम्ही याला थापा म्हणतो. गावाकडं आमचं घर झालं तेव्हा आईनं हळद कालवून दाराशेजारी थापा दिला होता. म्हणाली होती, आपलं घर शे, म्हणून देऊ राहिनू. परक्या भिंतीला थापा देत नसतात.

रंजनानं हात बुडवला. मला हळूच म्हणाली, "दे ना वं, काय जास आपलं?" तिनं दिला. सगळ्यांनी दिले. माझी पाळी आली. फोटोवाला तयार. साहेब शेजारी उभे.

मी हात पाठीमागं घेतला.

"साब," मी म्हटलं, "गेट नहीं मांगा मैंने. इसी संडास का दरवाजा मांगा. कडी वाला. दरवाजा लगाओ, फिर हाथ मांगो."

कोणी हसलं नाही. साहेबांनी मॅडमकडं पाहिलं. मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. "हाँ, देखेंगे," म्हणत साहेब गाडीकडं गेले. मॅडम जाता जाता म्हणाल्या, "एवढा चांगला कार्यक्रम, तू विचका केलास." या वेळी उत्तर तिथंच सुचलं. "विचका दारना व्हयेल शे, म्याडम. मी नुसतं सांगं."

भिंत आता सुरेख दिसते. लोक थांबून फोटो काढतात. दार तसंच आहे. रंजना कधी कधी भिंतीवर आपला पंजा शोधते.

रिक्षा पुन्हा येईल. मी पुन्हा खाडा करीन. पुन्हा दारच काढीन, माझ्याच बोलीत सांगीन, आणि कोणी त्याचं गेट केलं तर चारचौघांत तोंडावर खोडून काढीन. कडी लागेल त्या दिवशी मी स्वतः हळद कालवून आणीन. त्याआधी माझा हात त्यांच्या भिंतीसाठी मोकळा नाही.

पोर आत आहे. मी दार धरून उभी आहे.