लेकुरवाळीच्या बाळावरचा हात

मी ड्रॉइंग मास्तर. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्या पोरांना वर्गाबाहेर उभं करणारा! त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय… पण वय झालं, आता नाही सांगितलं तर राहूनच जाईल.

पारनेर तालुक्यातल्या एका खेड्यात माझी पहिली नोकरी. गावामागच्या डोंगरात जैन लेणी आहेत — दोन दालनं, आत ध्यानस्थ तीर्थंकर आणि दाराशी उथळ कोरलेली अंबिका यक्षी. मांडीवर मूल, पायाशी सिंह, माथ्यावर आंब्याची डहाळी. गावाला यक्षी-बिक्षी ठाऊक नाही. त्यांची ती लेकुरवाळी. मूल हवं असलेल्या बायका त्या दगडी बाळाच्या पाठीवर हात ठेवून मागणं मागतात. माझी बायको कमलही दर मंगळवारी जायची. मी हसायचो.

"हसा! त्यापेक्षा माझं एक चित्र काढा की. साऱ्या गावाची काढलीत," ती म्हणायची.

"काढू, दिवाळीच्या सुट्टीत."

अशा तीन दिवाळ्या गेल्या. मग विषमज्वरानं ती गेली. फोटो एकही नाही. माझी बदली भिंगारला झाली, आणि वर्षभरात तिचा चेहराच मला आठवेना! पेन्सिल घेऊन बसायचो, कागद कोराच. मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

स्वातंत्र्याच्या आधीच्या उन्हाळ्यात पुण्याच्या एका अभ्यासकांनी त्या मूर्तींचे ठसे मागवले, म्हणून पुन्हा गेलो. ओला कागद दगडावर बसवायचा, ब्रशानं ठोकायचा, सुकत आला की शाईच्या पुरचुंडीनं टिपायचा. उठाव काळा येतो, खोलगट भाग पांढरा राहतो. आधी सगळा तेल-शेंदूर मी कढत पाण्यानं धुतला. लेण्याची झाडलोट करणाऱ्या सखूबाई खेकसल्या, "गुर्जी, लेकराला लई भिजवू नगा! सर्दी व्हईल." भर दुपार, आम्ही दोघंच.

शाई टिपत बाळाच्या पाठीपर्यंत आलो… आणि थांबलो. कागदावर पाच बोटं उमटत होती. काळी — म्हणजे कागदाखाली हात होता! उजवा हात, करंगळी वाकडी. कमलची करंगळी लहानपणी वरवंट्याखाली सापडून अशीच वाकडी झाली होती.

कागद सोलला. खाली नुसती बाळाची गुळगुळीत पाठ.

सखूबाई वाकून बघत राहिल्या. "ह्यो तर बाईंचा हात," म्हणाल्या. मग पदर डोळ्यांना लावला. "चार वर्सं झाली न्हवं? अजून मागनं सोडलं न्हाई बघा त्यांनी."

लगेच दुसरा ठसा घेतला, तिसरा घेतला. हात नाही. पुण्याला दुसरा पाठवून दिला.

तुम्ही म्हणाल, तेल राहिलं असेल. अहो, तेलावर शाई धरतच नाही, तिथं पांढरं राहिलं असतं! पहिला ठसा माझ्या कपाटात आहे. त्यावरून तो हात मी शेकडो वेळा काढलाय. मनगटापर्यंत अगदी हुबेहूब जमतो. त्याच्या वर पेन्सिल सरकत नाही.