म्हातारपणाची फरशी

शाळेच्या गणवेशांना काजं करण्यात तिचा जन्म गेला. आई वारली तेव्हा धाकटा भाऊ पदरात होता. त्याला तिनेच वाढवलं, सुतारकामाला लावलं, बोहल्यावर चढवलं. स्वतःचं लग्न तेवढं राहून गेलं. काजं होती, बटणच मिळालं नाही, असं ती हसत सांगे. तिच्यापुढे ब्र काढायची घरात कुणाची टाप नव्हती.

भावाने उरल्यासुरल्या लाकडाच्या चौकोनी फरश्या कापून एक खेळ केला होता. बालपण, तारुण्य, संसार आणि म्हातारपण अशा चार थैल्या. हात घालायचा, शाळा निघो, नोकरी निघो, घर निघो, निघेल ती फरशी आधीच्या फरशीला जोडायची. जोडता जोडता टेबलावर शहर उभं राही. फरश्या भावाच्या, नियम बहिणीचे. त्यातला एक तिचा फार लाडका: म्हातारपणाची फरशी दुसऱ्याच्या घराला टेकवायची, तीही घरवाला हो म्हणाला तर. नाही म्हणाला, तर बागेतल्या बाकाशेजारी.

दर रविवारी डाव पडे. तोंड उघडून काही मागायची या घरात रीतच नव्हती. मागायचं ते फरशी सरकवून. खेळात नकार मिळाला तर हसण्यावारी नेता येतो, एवढीच सोय.

एकदा भावजयीची विधवा आई खेळायला बसली. तिने आपली फरशी लेकीच्या घराकडे सरकवली आणि बोट काही उचलेना. भावजय हो म्हणणार, तेवढ्यात नणंदबाईच बोलल्या, "शहरात जागा नाही हो आजी. बाकावर हवा छान लागते." सगळे हसले. आजीही हसली. दुसऱ्या दिवशी परत गेली ती गेलीच. पुढे आली ती बातमी.

आता काजं करायला यंत्र आलं होतं, आणि सुईत दोरा ओवायला डोळे राहिले नव्हते. ती राहायची ती कारखान्यामागची खोली मालकाने रिकामी करायला सांगितली. त्या रविवारी ती आली ती कपड्यांची पिशवी घेऊन, आणि पिशवी दाराआड सारून डावाला बसली. भावाची लाकूड ठेवायची खोली तिच्या डोक्यात पक्की होती. पण भावाच्या हाती त्या दिवशी घर आलंच नाही. आलं ते भावजयीच्या.

बहिणीने फरशी सरकवली. बोट उचललं नाही.

"ठेवू का गं?"

हा आवाज त्या घराने तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

भावजयीने आधी आपल्या फरश्यांच्या कडा जुळवल्या. मग म्हणाली, "शहरात जागा नाही हो वन्सं. बाकावर हवा छान लागते."

बहिणीने भावाकडे पाहिलं. तो एका फरशीचा कोपरा काटकोनात आहे का, ते बघत होता. त्याच्या गिऱ्हाइकांच्या कपाटांना कधी इतकं लक्ष लाभलं नसेल.

"नियम तुझाच आहे ना ताई," तो खाली मान घालूनच म्हणाला.

तिने फरशी बाकाशेजारी ठेवली. डाव संपल्याशिवाय उठायचं नाही, हाही नियम तिचाच. तेव्हा ती शेवटपर्यंत खेळली. भावजय जिंकली.

निघताना भावजयीने दाराआडची पिशवी आपणहून आणून दिली. वरची चादर जरा निसटली होती, तीही नीट खोचली.

"पुढच्या रविवारी लवकर या," ती म्हणाली. "तिघं असल्याशिवाय डाव मांडता येत नाही."