वहिनींच्या पेट्या

वहिनींनी बावीस वर्षं मधमाश्या पाळल्या. पेट्या असायच्या दिराच्या सफरचंदाच्या बागेत. मध वहिनींचा, फळं दिराची. फवारणी असली की दीर आदल्या दिवशी सांगून जायचा आणि वहिनी माश्यांना आत कोंडायच्या. गेल्या बहरात तो सांगायला विसरला. दुपारपर्यंत पेट्यांपुढे मेलेल्या माश्यांचा थर साचला. वहिनींनी तो झाडून काढला.

यंदा झाडं फुलली, पण बागेत गुणगुण नव्हती. दीर दारात येऊन उभा राहिला.

"वहिनी, पेट्या ठेवा ना पुन्हा. गेल्या साली निम्मंही फळ धरलं नाही."

"ठेवते की. रिकाम्या चालतील?"

"माश्या मी विकत आणतो."

"आणाल हो, भाऊजी. पण मला आता पुन्हा जीव लावणं जमायचं नाही."

पेटीतल्या चौकटींवरच्या माश्या हळूच झाडायचा मऊ ब्रश वहिनींनी त्याच्या हातात दिला.

"या फुलातले परागकण त्या फुलाला लावायचे. बावीस वर्षं माश्या हेच करत होत्या, तुम्हाला न विचारता."

दीर शिडीवर चढला. वहिनींनी खालून शिडी धरली. संध्याकाळपर्यंत एकाच झाडाच्या दोन फांद्या झाल्या.