पायाळू मुलीचा शोध

निवृत्त होऊन काही वर्षं झाली. कितीतरी गुन्हे विसरलो, पण त्या मुलीचं प्रकरण मनात आलं की मी आजही अंथरुणात पाय पोटाशी घेतो. नावं कुणाचीच सांगणार नाही.

तेव्हा मी बोईसर भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असताना घिवलीची एक बाई दारात येऊन उभी राहिली. "सायब, पोरगी परवा कामाला गेली ती घरी आली नाय. फोन पन बंद हाय." मुलगी विशीतली, सज्ञान. ठाणे अंमलदाराने मिसिंगची नोंद घेतली. अशा बऱ्याच मुली चार दिवसांनी गळ्यात हार घालून ठाण्यात हजर होतात, हा आमचा अनुभव. पण ही आई रडत नव्हती. "माजी पोरगी पायाळू हाय," एवढं म्हणून ती बाकावर बसून राहिली.

पायाळू म्हणजे जन्मताना जिचे पाय आधी बाहेर आले ती. अशा माणसाने पाठीला पाय लावला की उसण जाते, असं आपल्याकडे घरोघरी मानतात. या एका गुणावर मुलीला नोकरी मिळाली होती. देशावरून आलेल्या एका गोड बोलणाऱ्या माणसाने बोईसरच्या बाजारात केंद्र काढलं होतं. बोर्डावर 'कायरोप्रॅक्टिक आणि लिम्फॅटिक ड्रेनेज' आणि त्याखाली ठळक अक्षरांत 'पायाळू कन्येचा स्पर्श'. आधी तो मान आणि मणके कटाकट मोकळे करी, मग ही मुलगी सूज उतरवायला हलक्या हाताने मालिश करी आणि शेवटी पाठीला पाय लावी. पाळीभर उभे राहणारे कामगार, पाय सुजलेल्या बायका, अगदी आमचे दोन हवालदारसुद्धा तिथे रांगेत बसत. जाताना म्हातारी माणसं तिच्या पाया पडत. ते ऐकून मला कसंतरीच झालं होतं.

दुपारी निनावी फोन आला: "मालिशवाल्यानं पोरगी विकली." मालिशवाल्याला आम्ही लगेच चौकशीला आणलं. गडी खुर्चीत शांत बसला आणि माझ्याकडे निरखून पाहत म्हणाला, "साहेब, तुमचा उजवा खांदा उतरलाय."

"माझा खांदा राहू दे. मुलगी कुठंय?"

"देवाशपथ माहीत नाही. तिच्यासारखा हात मला दुसरा मिळणार नाही, मी तिला कशाला घालवीन?" मग तो आपलं शास्त्र सांगू लागला. "शरीरात रक्ताशिवाय आणखी एक पाणी फिरतं, साहेब. त्याला ढकलायला काळीज नसतं. हलक्या हाताने वाट करून दिली की ते कातडीखालून सरकत जातं, माणसाला पत्ताही लागत नाही." त्याचा आवाज इतका मऊ होता की माझ्या अंगावर काटा आला. मला तो माणूस मुळीच आवडला नाही. पण मुलगी गेली त्या संध्याकाळी तो दुकान बंद होईपर्यंत गिऱ्हाइकांत होता, हे शेजाऱ्यांनी सांगितलं, आणि मुलीच्या फोनचं शेवटचं लोकेशन माहीमच्या बाजूचं निघालं; शहरातलं नव्हे, आमच्या किनाऱ्यावरचं, पानमळ्यांच्या वाड्यांचं माहीम.

"माहीमचं कोण येतं तुझ्याकडे?"

"एक वाडीवाले काका. पहिल्यांदा आले तेव्हा पाठ बसून बसून आखडलेली होती. हल्ली मात्र कंबर खणणाऱ्या मजुरासारखी धरते. हाताला फोडही दिसले. विचारलं, तर व्यायाम करतो म्हणाले."

हे काका आमच्या शांतता समितीवर होते. माझ्या केबिनमध्ये कितीदा चहा प्यायले होते. वाडीत गडीमाणसं भरपूर. मग हा गृहस्थ स्वतः काय खणतो? शेजारी उभा असलेला सातपाटीचा हवालदार हळूच म्हणाला, "सायब, पायाळूच्या डोळ्यात काजळ घातलं का जमिनीतलं धन दिसतं, असं आमच्याकडं म्हनतात." मी गाडी काढायला सांगितलं.

बाहेर अजून लख्ख ऊन होतं, पण काकांच्या पानमळ्यात शिरलो आणि अंधारून आलं. वेलींच्या मधोमध माडाच्या झापांची खोप होती. आत ताजा खणलेला खड्डा आणि त्यात कुदळ घेऊन उभे काका. काठावर पाटावर मुलगी बसली होती. पाय धुऊन कुंकू लावलेले, डोळ्यांत गालांवर ओघळेल इतकं काजळ. दोन दिवसांची उपाशी. आम्हाला पाहून ती दचकली नाही. "सायब, बूट बाहेर काढा," म्हणाली. "खाली आहे. मला दिसतंय. थोडंच राहिलंय."

खोपीत नवा कोयता आणि कोरं पांढरं कापड सापडलं. कोयता नारळाला, कापड पूजेला, असं काकांचं उत्तर तयार होतं. जादूटोणाविरोधी कायद्याखाली त्यांना अटक केली, तरी मुलीच्या जबाबाशिवाय ते सहज सुटणार हे मला दिसत होतं. आणि ती तर त्यांच्याच बाजूने बोलत होती. "धन दाखवायला मी आपणहून आले. काका रोज माझ्या पाया पडतात. ते मला काय करतील?"

पंचनामा चालू असताना आमच्या महिला हवालदाराने तिला खड्ड्याच्या काठावर नेलं. "एवढा अरुंद आणि एवढा लांब खड्डा धनाच्या हंड्यासाठी कोण खणतं गं?"

मुलीने वाकून खाली पाहिलं. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "काल त्यांनी मला यात आडवं व्हायला सांगितलं होतं. पाय पुरतात का बघ, म्हणाले. मी हसले होते." एवढं बोलून ती तिथेच खाली बसली आणि पदराने पायांवरचं कुंकू घासून काढू लागली. त्याच संध्याकाळी तिने जबाब दिला.

मालिशवाल्याला सोडताना तो म्हणाला, "मी तर फक्त बोर्ड लावला होता, साहेब." बोर्डाला कलम लागेना, याचा मला आजही राग येतो. त्या रांगेत भले लोक होते आणि सगळे तिच्या पायांना मान देत होते. तिच्या तोंडाकडे कुणी पाहत नव्हतं. ज्याची पूजा चालते त्या माणसाला धोका नाही, हा माझा समज त्या दिवशी गेला. तेव्हापासून कुणाच्या पाया पडणारी गर्दी दिसली की मी आधी त्या पायांच्या मालकाची चौकशी करतो.

निवृत्तीच्या आधी ती मला एकदा भेटली. बोईसरच्याच एका कारखान्यात पॅकिंगला होती. मे महिन्याच्या उकाड्यात पायात मोजे आणि बंद बूट. मी काही विचारायच्या आत तिने आजूबाजूला पाहिलं आणि म्हणाली, "इथं कुणाला माहीत नाय, सायब, मी कशी जन्मले."