कोतवालाच्या लेकीचा पगार

डोणगावात कचरू अंभोऱ्यांना ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही. तीसेक वर्षं ते कोतवाल होते. तलाठ्याचा निरोप घरोघर पोचवायचा, नोटीस चिकटवायची, मोठे साहेब आले की दारात उभं राहायचं, आणि कुठं विहिरीत नाहीतर नाल्यात प्रेत सापडलं तर पोलीस येईपर्यंत त्याच्याजवळ बसून राहायचं, कुत्री हाकलायची. या सगळ्याचं सरकार त्यांना मानधन देई. पगार नव्हे, मानधन. हा फरक त्यांच्या मुलीला, मंजुश्रीला, शाळेतच कळला होता. वडील काय करतात म्हटल्यावर ती 'नोकरी' म्हणायची, आणि गुरुजी विचारायचे, "पक्की का कच्ची?"

आई बेबीताई सोयाबीन सोंगायला, कापूस वेचायला मजुरीनं जायची. मंजुश्री बारावी झाली आणि सकाळी मेहकरच्या रस्त्यानं पळायला लागली. गावातली माणसं पहिल्यांदा हसली, मग त्यांना सवय झाली. पहिल्या पोलीस भरतीत ती गोळाफेकीत मागं पडली. घरी येऊन दोन दिवस कोणाशी बोलली नाही. दुसऱ्या वेळी यादीत नाव आलं, तेव्हा बेबीताई आधी विहारात जाऊन मेणबत्ती लावून आली आणि मग लेकीच्या गळ्यात पडली. कचरूंनी एवढंच विचारलं,

"पगार हाये का मानधन?"

"पगार, बाबा."

"बरं झालं," असं म्हणून ते बराच वेळ अंगणात उभे राहिले.

ट्रेनिंग संपलं आणि मंजुश्रीला नांदुऱ्याच्या बाजूच्या एका ठाण्यात नेमणूक मिळाली. हातात पडायचे पस्तीस हजारांच्या आतबाहेर. डोणगावात हा आकडा मोठा वाटायचा. तिथं मात्र खोलीचं भाडं होतं, समन्स वाटायला स्वतःच्या गाडीत स्वतःचं पेट्रोल होतं, घरी पाठवायचे होते. साप्ताहिक सुटी कागदावर असायची आणि बंदोबस्त आला की जायची. ठाण्यातले म्हातारे जमादार चहा पिता पिता म्हणायचे, "आठ तासानं भागलं तं पगार बरा हाये, पोरी. सोळानं भागलं तं वावरातला मजूर बरा."

मंजुश्री हसायची. तिला वर्दी आवडत होती. बसस्टँडवर घाबरलेली एखादी बाई गर्दीतून नेमकी तिच्याकडेच यायची, ते आवडत होतं.

नोकरी लागली तशी स्थळं यायला लागली. मेहकरकडचं एक स्थळ चांगलं होतं. मुलगा धम्मरत्न एका खाजगी शाळेत शिकवायचा, बोलायला मऊ. त्याच्यासोबत त्याचे काका किसनराव आले होते. पोहे झाले, चहा झाला. किसनरावांनी बशी खाली ठेवली.

"पगार समजला आमाले. आता वरचं सांग."

मंजुश्रीला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती म्हणाली, "वरचं काही नाही, काका."

"नवीन हाये अजून. लागन हळूहळू."

"नाही लागनार."

किसनराव हसले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी जे जग पाहिलं होतं, त्याप्रमाणे विचारत होते. "अवो, पोलिसाचं घर काय पगारावर चालते का? सारी दुनिया जानते."

"मंग किती पाह्यजे, काका?" मंजुश्रीनं विचारलं. "तुमीच सांगा. किती पगार असला म्हंजे पोलिसाले वरचं कोनी इचारनार नाही?"

बेबीताईनं डोळ्यांनी तिला गप्प राहायला सांगितलं. धम्मरत्न चपलांकडे बघत होता. किसनरावांनी खरंच थोडा विचार केला, आणि मग म्हणाले, "ते काही मले सांगता येत नाही, बाई." चार दिवसांनी निरोप आला की पत्रिका बघायची आमच्यात पद्धत नाही, पण स्वभाव जुळत नाही.

त्याच वर्षी दसरा झाल्यावर, कापसाची पहिली वेचणी सुरू असताना, ठाण्याच्या हद्दीतल्या एका गावातून सकाळीच फोन आला. शेतातल्या विहिरीत एक सून सापडली होती. नाव अश्विनी. लग्नाला दोन वर्षं. एवढ्यातलं लग्न असलं की प्रेताचा पंचनामा तहसीलचे अधिकारी करतात, म्हणून नायब तहसीलदारांना कळवलं गेलं. ते येईपर्यंत ठाणेदारसाहेबांनी माणसं लावून प्रेत वर काढून घेतलं. बाईचं अंग बघायचं ते बाईनंच. त्या दिवशी ड्यूटीवर बाई एकच होती.

गावातल्या दोघी जणींनी लुगडी आडवी धरली. आत मंजुश्री आणि ती पोरगी. वय आपल्याएवढंच असेल, असं मंजुश्रीच्या मनात आलं. तिनं रुमाल भिजवून त्या पोरीच्या तोंडावरचा चिखल पुसला. ते करायची गरज नव्हती, तिलाच राहवलं नाही. मग तिनं कामाला सुरुवात केली. दोन्ही दंडांवर बोटांचे निळे वळ होते, कोणीतरी गच्च धरल्यासारखे. पाठीवर, पोलक्याच्या आत, जुने डागल्याचे व्रण होते. काही भरले होते, काही भरायचे राहिले होते. लुगडी धरणाऱ्या दोघी दुसरीकडे बघत होत्या. त्या सासरच्या भावकीतल्याच होत्या.

ती बाहेर आली, लिंबाखाली गेली आणि बाटलीतल्या पाण्यानं हात धुवायला लागली. तिथं अश्विनीचा थोरला दीर गणेश आला. पांढरा सदरा, डोळे लाल. आधी तो नुसता उभा राहिला.

"ताई, घराची इज्जत गेली आमच्या."

मंजुश्री हात धूत राहिली.

"डाक्टर लिहीन ते लिहीन. पानी काढायले गेली, पाय घसरला, कपारीले आपटली. दंडाचं त्यात चालून जाते. पाठीचं तेवढं तुमी पाह्यलं नाही. बस एवढंच." त्यानं आवाज खाली आणला. "नव्या शिपायाले काय भेटते, मले मालूम हाये. माह्या मामाचा पोरगा लागला होता. वर्षभराचा पगार एकरकमी देतो. आज संध्याकाळी. तुमचंही काही वय हाये का हे असं मढ्याजवळ बसाचं?"

मंजुश्री पुढं या क्षणाबद्दल कोणी विचारलं तर खोटं बोलत नसे. आपल्याला संताप आला, आपण त्याला झिडकारलं, असं ती कधी सांगत नसे. ती सांगायची की मला आधी भीती वाटली, आणि त्या भीतीच्या मागोमाग डोक्यात हिशेब सुरू झाला. वर्षभराचा पगार. आईचं वावरात जाणं बंद. घरावर स्लॅब. हिशेब आपोआप चालू झाला, जसं कोणी नाव घेतलं की आपण वळून बघतो. त्याला किती वेळ लागला कोणास ठाऊक. मग तिचं लक्ष आपल्या हातांकडे गेलं. नखांत त्या पोरीच्या तोंडावरचा चिखल अजून होता. आणि तिला वाटलं, हा माणूस आपल्याला किंमत विचारत नाहीये. सांगतोय. सरकारनं एक आकडा लावला होता, त्याला यानं बारानं गुणलं, आणि पाठीवरच्या डागांचा भाव काढला.

"तहसीलचे साहेब येऊन राह्यले," ती म्हणाली. "मी जे पाह्यलं ते त्याइले सांगनार हाये. तुमी इथून बाजूले व्हा."

"इचार कर."

"बाजूले व्हा म्हनलं ना."

आवाज चढला तसा बरोबर आलेल्या जमादारांनी मागं वळून पाहिलं. गणेश निघून गेला. अर्ध्या तासानं नायब तहसीलदार आले, आणि मंजुश्रीनं दंड, पाठ, एकेक व्रण कुठं, केवढा, भरलेला की ओला, हे सगळं सांगितलं. ते लिहिलं गेलं. गणेशनं काय म्हटलं, तेही तिनं ठाणेदारसाहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, "तेही जबाबात येऊ दे. तुझ्याच सहीनं येईल, हे ध्यानात ठेव."

दुपारी ग्रामीण रुग्णालयात अश्विनीचे आईवडील जीप करून पोचले. आईला दोघांनी धरून उतरवलं. तिचं बोलणं ऐकून मंजुश्रीला वाटलं, ही आपल्याकडची बोली आहे. मग वडिलांकडे पाहिलं आणि तिनं ओळखलं. डोणगावचे उकंडराव. पन्नास एकरांचे धनी. ती लहान असताना वडिलांबरोबर त्यांच्या वाड्यावर निरोप द्यायला गेली होती. वडील ओट्याखाली उभे राहिले होते आणि निरोप संपल्यावर तसेच मागं फिरले होते. चढ असं कोणी म्हटलं नव्हतं, आणि ते चढलेही नव्हते. उकंडरावांची मुलगी इकडं दिली हे मंजुश्रीला माहीत नव्हतं. ती पोरगी लहानपणापासून बाहेरगावी शिकायला होती, म्हणून सकाळपासून मंजुश्रीनं तिला ओळखलं नव्हतं.

आई शालूबाई शवागाराच्या दाराशी बसली. आतून प्रेत दाखवलं तेव्हा ती रडली नाही. तिनं लेकीच्या गालाला हात लावला.

"हिचं तोंड कोनं धुतलं?"

"मी पुसलं, काकू."

शालूबाईनं तिचा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही. उकंडराव भिंतीला टेकून उभे होते. ते म्हणाले, "तू कचरूची ना?"

"हो."



गुन्हा दाखल झाला. नवरा आणि गणेश दोघांना अटक झाली. त्यानंतरचे महिने मंजुश्रीला कठीण गेले. अनोळखी नंबरांवरून फोन येत, कोणी बोलत नसे. अश्विनीच्या सासरच्या गावात कोणीतरी उठवलं की तिनं मुलीकडच्यांकडून पैसे खाल्ले. चहाच्या टपरीवर तिच्यादेखत एक जण म्हणाला, "एवढ्याशा पगारात कोन दुश्मनी घेते? भेटलंच असन." तिला सगळ्यात जास्त ते लागलं. पैसे नाकारले तरी माणसांना ती विकलेलीच दिसत होती, फक्त गिऱ्हाईक बदललं होतं.

सुटी काढून ती डोणगावला आली, त्याच दिवशी उकंडराव घरी आले. गाडीतून गड्यानं गव्हाचं पोतं उतरवलं. कचरूंनी खुर्ची पुढं केली आणि उकंडराव बसले. ते पहिल्यांदाच त्या घरात बसत होते. बेबीताईनं पाणी दिलं, ते त्यांनी प्यायलं.

"तुह्या पोरीनं माह्या लेकीची लाज राखली, कचरू. हे घरात ठेव."

कचरूंनी पोत्याकडे पाहिलं. "मालक, गहू वापस न्या."

"काऊन? मनानं देऊन राह्यलो."

"मनानंच देता, ते दिसून राह्यलं. पन माहा बाप तुमच्या वाड्यावर मढ्याचा सांगावा घेऊन जाये, अन् पदरात भाकर घेऊन ये. छप्पन साली दीक्षा घेतली अन् त्यानं पदर झटकला. मंग घर उपाशी राह्यलं, पन भाकर मागाले गेला नाही. पोरीनं केलं ते तिचं काम होतं. कामाचा तिले पगार हाये."

उकंडराव मान खाली घालून ऐकत होते. मग त्यांनी गड्याला पोतं गाडीत ठेवायला सांगितलं. बेबीताईनं केलेला चहा मात्र पूर्ण प्यायले.

ते गेल्यावर मंजुश्रीनं वडिलांना तो हिशेबाचा क्षण सांगितला. तिला वाटलं होतं, ते रागावतील. कचरू म्हणाले, "येते मनात. मलेही आला होता तसा इचार, दोन-चार खेपा. मानधन असं होतं का इचार येनारच. तुह्यापेक्षा माह्या मनात जास्त टिकत होता." मग म्हणाले, "पगार असा पाह्यजे, का असा इचार आला तं लवकर जाईन. एकदम येनारच नाही, एवढा पगार कोन देते?"

तीनेक वर्षांनी सत्र न्यायालयात मंजुश्रीची साक्ष झाली. आरोपीच्या वकिलांनी तिला व्रणांच्या रंगांवरून, वेळांवरून फिरवून फिरवून विचारलं. ती डगमगली नाही. मग त्यांनी सूर बदलला.

"त्या वेळी तुमचा पगार किती होता?"

तिनं सांगितला.

"तेवढ्यात भागत होतं?"

सरकारी वकील हरकत घ्यायला उठले, पण मंजुश्री बोलून गेली, "महिन्याच्या शेवटी ओढाताण व्हायची. जास्त असता तर बरं झालं असतं. पण मी जे पाहिलं ते सांगायला तेवढा पुरला."

न्यायाधीशांनी मान वर करून एकदा तिच्याकडे पाहिलं आणि पुढचा प्रश्न विचारायला सांगितलं.

निकाल लागला त्या दिवशी ती कोर्टात नव्हती. नगरपालिकेच्या निवडणुकीचा बंदोबस्त होता, तिला मतदान केंद्राच्या फाटकावर उभं केलं होतं. जमादारांचा फोन आला. नवऱ्याला शिक्षा झाली. गणेशलाही झाली, कमी, आणि तो अपिलात जाणार होता. शालूबाई निकालाला आली नव्हती. ती घराबाहेरच पडत नाही, असं उकंडरावांनी सांगितलं होतं.

मंजुश्रीनं फोन खिशात ठेवला. समोर एक म्हातारी काठी टेकत रांगेच्या मागं येऊन उभी राहिली होती. उन्हानं तिचा जीव कासावीस झाला होता. मंजुश्रीनं तिला दंडाला धरून सावलीत आणलं, आणि रांगेतल्या बायकांना म्हणाली, "आजीले पुढं जाऊ द्या."