अर्ध्या तासाच्या सिस्टर

इंजेक्शन देऊन झालं की सिस्टर हात पुढे करायच्या. "कार्ड." कंपनीचं ओळखपत्र त्यांच्या टेबलाच्या खणात जायचं, खणाला कुलूप लागायचं. अर्धा तास बाकावर बसून दाखवल्याशिवाय ते परत नाही. कार्डाशिवाय मानेसरच्या कारखान्याचं गेट उघडत नाही, हे त्या पुरतं ओळखून होत्या. गुडगावच्या त्या ॲलर्जी क्लिनिकात सगळे त्यांना 'आधा घंटा सिस्टर' म्हणत आणि त्यांना त्याचा अभिमानच होता.

मी धुळीच्या ॲलर्जीनं बेजार झालो होतो. घरातल्या ज्या धुळीनं दम लागायचा, तिचाच अंश थोडा थोडा वाढवत टोचायचा, असा उपचार. किमान तीन वर्षं! मी हबकलोच. माझं आडनाव वाचून अमरावतीच्या सिस्टर एकदम मराठीवर आल्या. "तुझं नाक रुसलंय बाबा. एका दिवसात रुसवा निघतो का?"

दर वेळी तेच प्रश्न. ताप? खोकला? मागच्या खेपेला दंड सुजला? कुणी घाईघाईनं "सब ठीक" म्हटलं, तर म्हणायच्या, "सब ठीक होता, तो यहाँ आते ही क्यों?" तेव्हा मला त्यांचा फार कंटाळा यायचा.

दुसऱ्या वर्षी शिंका थांबल्या आणि मला शिंगं फुटली. एका सकाळी समोरच्या स्टॉपवरून कंपनीची बस सुटायला थोडाच वेळ होता. मी खणात टाकायला मुदत संपलेलं जुनं कार्ड दिलं आणि सिस्टर दुसऱ्या पेशंटकडे वळताच सटकलो. बसपाशी पोचेपर्यंत तळहातांना खाज सुटली. घसा आवळला, आवाज फुटेना, मी फूटपाथवर बसलो. रिकामा बाक दिसल्याबरोबर सिस्टर सिरिंज घेऊन धावत आल्या होत्या. त्यांनी तिथंच, पँटवरूनच, माझ्या मांडीत रिॲक्शन उतरवणारं दुसरं इंजेक्शन टोचलं.

ॲम्ब्युलन्समध्ये मनगट धरून बसल्या होत्या. मला वाटलं, आता चांगली खरडपट्टी निघणार. पण त्या एवढंच म्हणाल्या, "तुझ्या आईला फोन लावून मी काय सांगितलं असतं रे?" आणि बाहीनं डोळे पुसले. तेवढी लाज मला आयुष्यात पुन्हा कधी वाटली नाही.

त्यानंतर डोस कमी करून हळूहळू पुन्हा वर नेला. कोर्स संपला त्या दिवशी मी वाकून नमस्कार केला, तर म्हणाल्या, "आता इथं दिसू नको. पण कसा आहेस ते कळवत जा."

पुढे लग्न झालं, नोएडाला नोकरी लागली. यंदा होळीच्या सुमारास गुडगावला काम निघालं, म्हणून मिठाई घेऊन गेलो. टेबलाशी नवी सिस्टर होती. म्हणाली, मॅडम रिटायर होऊन गावी गेल्या, आता हयात नाहीत. मी माझं नाव सांगितलं.

"अच्छा, मानेसरवाले? यहाँ से जाते-जाते भी पूछती थीं, उस लड़के का कोई फोन आया क्या."

एका फोनचं काम होतं. सात वर्षांत ते माझ्याकडून झालं नाही.