डबड्यातला सरवा

माघ सरत आला होता, पण थंडीत दम नव्हता. पहाटेचं दव पडायचंही बंद झालं होतं. गेल्या पावसाळ्यात जे काही पडलं त्याला पाऊस म्हणायचं की आभाळाची शिंक, यावर गावात अजून वाद होता. वारा तेवढा कोरडा, ओठाला तडे पाडणारा. त्या वाऱ्याकडं पाठ करून छबुबाई मैनेखालचं शेण टोपल्यात भरत होती.

मैना म्हणजे तिची म्हैस. गावरान, शिंगानं वाकडी, पण आता गाभण. छबुबाईनं शेणाचा हात गव्हाणीत फिरवला. हाताला नुसती धूळ लागली.

"कडबा सरला का वो?"

उंबऱ्यावर घोंगडी पांघरून बसलेला नवरा, धोंडीराम, मान न उचलता म्हणाला, "कालच सरला. म्हनून म्हन्तो, छावनीत नेऊन बांधू. सगळ्यायची जनावरं हायती तिथं."

"सगळ्यायची असतील. माझी न्हाई."

"लई ताठा बरा न्हाई, छबू."

"ताठा न्हाई. मागल्या दुष्काळात गाय नेलती ना तिथं? आनली काय, तर हाडं. मैना हितंच इनार, माझ्या दावनीला. मी हाय तवर तिचं दावं कुनी सोडायचं न्हाई."

छावणी गावाबाहेरच्या माळावर होती. चालवायची दूध संस्था, आणि संस्थेचे चेअरमन सुंदरराव. मागच्या खेपेला गाईच्या कानात बिल्ला ठोकला तो ठोकला, वर सुंदररावांच्या दर सभेला मालकानं जनावरापाशी उभं राहून त्यांच्यासाठी हात वर करायचा. चारा वेळेवर नसायचा, फोटोवाला मात्र असायचा. गाय घरी आणली त्या आठवड्यातच गेली. तेव्हापासून छबुबाईनं छावणीच्या वाटेनं पाऊल टाकलं नव्हतं.

ती चुलीवर चहा उकळून किटली भरायची आणि फाट्यावर जायची.

फाट्यापलीकडं साखर कारखाना. हंगाम चालू, धरणाच्या कालव्यावरचा ऊस भरून ट्रॅक्टरांची रांग लागलेली. भोंग्यावरून नंबर पुकारला की ट्रॅक्टर वजनकाट्यावर न्यायचा. जागेवर सापडला नाही तर पुन्हा रांगेच्या शेपटाला. नंबर कधी दुपारी लागायचा, कधी दुसऱ्या दिवशी. तोवर ड्रायव्हरांनी करायचं काय? म्हणून रामकिसननं, म्हणजे सुंदररावांच्या मेव्हण्यानं, फाट्यावर पत्र्याचं शेड ठोकलं आणि आत मशिनी मांडल्या. पाटीवर लिहिलं होतं 'व्हिडिओ गेम'. लोक म्हणायचे डबडं. पैसे दिले की रामकिसन किल्ली फिरवून डाव भरायचा, मग बटण दाबायचं, की काचेमागं आंबे, द्राक्षं, घंटा गरगर फिरायच्या.

छबुबाई तिथं चहा द्यायला जायची. ड्रायव्हर आंब्यांकडं बघायचे. ती बघायची वरच्या बाजूला.

प्रत्येक डबड्याच्या कपाळावर लाल दिव्यांची एक ओळ होती. ड्रायव्हरांना वाटायचं, जत्रेतल्या पाळण्याला असते तसली रोषणाई. पण छबुबाईच्या ध्यानात आलं, घंटा आली की एक दिवा पेटतो, आणि पेटला की विझत नाही. ओळ भरली की डबडं खणखणतं, रामकिसनचं तोंड आंबट होतं आणि त्याला गल्ला उघडावा लागतो. मग ओळ पुन्हा काळी. खेळणारा उठून गेला तरी त्यानं पेटवलेले दिवे तसेच राहायचे.

आणि ड्रायव्हर उठायचे कसे? डाव रंगात आलेला असताना भोंगा ओरडायचा. मग धोतर काय, चप्पल काय, पळापळ व्हायची. मागं ओळ भरत आलेली, एखादा दिवा बाकी. पुढचा येणारा त्या डबड्यावर बसायचा नाही. "ह्यानं आत्ताच एकाला खाल्लं, पनवती हाय," म्हणायचा आणि काळ्या ओळीच्या कोऱ्या डबड्यावर जाऊन बसायचा.

छबुबाईला पहिल्यांदा हसूच आलं. मग तिला सरवा आठवला.

शेतातून पीक निघालं की मागं पडलेली कणसं, शेंगा वेचायला गरिबाच्या बाया जातात. तो सरवा. मालकानं एकदा गाडी भरून नेली की सरव्याला नाही म्हणायचं नसतं, ही या मुलखाची रीत. छबुबाईचं अर्धं आयुष्य सरव्यावर गेलेलं. उभ्या पिकाला तिनं कधी हात लावला नव्हता, आणि पडलेलं कधी सोडलं नव्हतं.

एक दिवस भोंगा झाला, एक ड्रायव्हर पळाला, आणि छबुबाई किटली खाली ठेवून त्याच्या खुर्चीवर बसली. शेडात हशा पिकला.

"मावशी, च्या इकायचा सोडून हे काय?" बद्रीनाथ ओरडला. हा आष्टीकडचा ट्रॅक्टरवाला, तोंडाचा फटकळ, पण तिच्या चहाचं कधी बुडवायचा नाही.

"गुडघे दुखत्यात बाबा. बसून इकते."

थोड्या वेळात डबडं खणखणलं. हशा थांबला. छबुबाईनं पैसे कनवटीला लावले, बाहेर आली आणि रस्त्यावर विकायला आलेली वाढ्याची पेंढी डोक्यावर घेऊन घरी गेली. वाढं म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. दुष्काळात तेच जनावराचं पुरण. मैनेनं त्या दिवशी गव्हाण चाटून काढली.

तेव्हापासून तिचं ठरलं. ओळ भरत आली असेल तरच बसायचं. काळ्या ओळीला हात लावायचा नाही, कुणी कितीही भरीला घातलं तरी. कधी अंदाज चुकायचा, शेवटचा दिवा अडून बसायचा आणि चहाचे पैसे गिळून टाकायचा. सरव्यातही काटा लागतोच हाताला. पण मैना उपाशी राहिली नाही, आणि दावंही सुटलं नाही.

रामकिसनला आधी ती नशीबवान वाटली. मग त्याला ती रोजच नशीबवान दिसायला लागली, तेव्हा त्यानं दाजींच्या कानावर घातलं.

सुंदरराव भर दुपारी आले. जीप दारातच लावली. शेड भरलेलं होतं, बद्रीनाथही कोपऱ्यातल्या डबड्याला चिकटलेला. छबुबाई मधल्या खुर्चीवर, पदर खोचून.

"छबुबाई, ऊठ तिथून."

"एक दिवा ऱ्हायलाय, अण्णा. पेटला की उठते."

"बायामानसाची जागा हाय का ही?"

"च्या घेऊन येते तवा असती. खुर्चीवर बसले की नसती व्हय?"

कुणीतरी खाकरलं. सुंदररावांनी आवाज मऊ केला. "हे बघ, तुला चाऱ्याची अडचन हाय, मला म्हाईत हाय. म्हस छावनीत आन. मी सांगतो तिथं. पर हितं येऊ नको. लोकाच्या मेहनतीवर बसून खातीस, बरं दिसत न्हाई."

छबुबाईनं बटणावरचा हात काढला नाही. "अण्णा, तुमची तूर निघाली की सरवा येचायला बाया येत्यात का न्हाई? तुमच्या आईनं कधी हाकलल्या न्हाईत. उलट पानी द्यायची म्हातारी."

"शेत येगळं, धंदा येगळा."

"येगळा तर हायच. शेतात तुमी पेरता. हितं पेरनारी ही पोरं. रोज पेरत्यात, रोज जळतंय. मी त्यायचं सांडलेलं येचते. तुमी काय पेरलं हितं?"

आता मात्र सगळी डबडी थांबली. सुंदररावांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. असं त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही. सभेत तर नाहीच.

"रामकिसन," ते म्हणाले, "मेन बंद कर."

"दाजी, पन..."

"बंद कर म्हन्लं ना बे."

रामकिसननं खटका पाडला. पंखा थांबला, आंबे-द्राक्षं विझली. शेडात अंधार नाही, पण मेल्यासारखं झालं. सुंदररावांनी जरा वेळ जाऊ दिला, मग मानेनं खूण केली. खटका वर गेला. डबडी जागी झाली. सगळ्यांच्या कपाळावरच्या ओळी काळ्या होत्या. छबुबाईची, आणि झाडून सगळ्यांची.

"बस आता," सुंदरराव म्हणाले. "येच काय येचायचं ते."

छबुबाई उठली. किटली उचलली. बद्रीनाथकडं बघून म्हणाली, "बद्री, तुझी वळ किती भरल्ती रं?"

"कसली वळ?"

"वरच्या दिव्यायची. भरत आल्ती ना? ती भरली की डबडं देतंय. सकाळधरनं तू जे घातलं, ते त्या दिव्यांत होतं. अण्णांनी मला उठवायपायी तुझं इझवलं. सरवा येचनारीला हाकलायला उभं पीक पेटवलं बघ."

बद्रीनाथनं वर बघितलं. शेजारच्यानं बघितलं. एकेक मान वर गेली. छबुबाईनं तिथंच, सुंदररावांच्या देखत, दिवा कसा पेटतो, कसा राहतो, कोण कधी उठतं, सगळं फोडून सांगितलं. घरात जपून ठेवलेलं एकुलतं बियाणं कुणी भर चौकात उधळावं तसं. आता आपल्याला इथं काही मिळायचं नाही हे तिला कळत होतं. पण सुंदररावांच्या मेहरबानीनं मिळण्यापेक्षा ते बरं.

"आमचे दिवे भरून द्या, अण्णा," बद्रीनाथ खुर्ची मागं सारत म्हणाला. त्याच्या मागं आणखी उभे राहिले. सुंदरराव जीपकडं निघाले तेव्हा रामकिसन एकटाच ड्रायव्हरांच्या गराड्यात उरला.

दुसऱ्या दिवशी दारावर पाटी आली: 'महिलांना प्रवेश नाही.' छबुबाईनं ती वाचून घेतली, आणि दारासमोर रस्त्याच्या कडेला, लिंबाच्या बुडाशी किटली मांडली. दार उघडं असलं की तिथून ओळी स्वच्छ दिसत. रामकिसननं दाराला गोणपाट लावलं. आत उकडतंय असं निमित्त काढून ड्रायव्हरांनीच ते फाडलं.

कारण त्यांना आता काळ्या ओळीवर बसायचं नव्हतं, आणि रांगेत पेंगत ओळींवर नजर ठेवणं त्यांच्यानं होत नव्हतं. पनवती म्हणायचं त्यांनी सोडलं होतं, इतकंच. ते येऊन विचारायचे, "मावशी, कंचं भरलंय?" ती हनुवटीनं दाखवायची, किंवा मान हलवायची, "न्हाई बाबा. ट्रॅक्टरवर जाऊन झोप." बहुतेक वेळा मानच हलायची. रामकिसनची निम्मी डबडी मोकळी राहायला लागली. आणि ट्रॉलीच्या माथ्यावरून वाढ्याची एखादी पेंढी लिंबाखाली येऊन पडायची. सुताराला, लोहाराला बलुतं द्यावं तशी, न मागता.

चार दिवसांनी धोंडीराम फाट्यावरून घरी आला तो तोंड पाडून. "अण्णा भेटलते. म्हन्ले, पाटी काढतो. तिनं बसावं, मिळल ते न्यावं. पर लोकायला सांगायचं बंद करावं. आन छावनीतून चारा घरपोच देतो म्हन्ले. बिल्ला बी नको."

"तुमी काय म्हन्ला?"

"मी काय म्हननार? इचारतो म्हन्लो."

"मंग सांगा जाऊन. रस्ता संस्थेचा न्हाई, डोळे माझे हायती, आन मैनेच्या कानाला भोक न्हाई, ते पडनार बी न्हाई."

"येवढं सगळं सांगू?"

"इसरत असला तर मी येते संगं."

धोंडीरामनं डोकं खाजवलं. मग बऱ्याच दिवसांनी तो हसला, घोंगडी झटकली आणि निघाला. अंगणात मैनेनं हंबरून मान झटकली. दाव्याची कडी वाजली. छबुबाईनं विळ्याची धार अंगठ्यावर बघितली, पेंढीचा आळा सोडला आणि वाढं तोडायला बसली, बारीक, गाभणीला चावेल असं.